चालेल

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले होते. बाहेर पुण्याची ती चिवट भुरभुर, घरात ओल्या कपड्यांचा वास, आणि ताटात डाळ घातलेली पडवळाची भाजी. आता पडवळ म्हणजे आमच्या घरात साधीसुधी भाजी नाही. भाची पाच वर्षांची असताना मी तिला मंडईत घेऊन गेले होते. तिथं दोरीला लटकवलेली ती हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक पडवळं बघून ती ‘साप, साप’ म्हणून अशी किंचाळली की भाजीवाल्या मावशींच्या हातातला तराजू हलला. तेव्हापासून ती ‘सापाची भाजी’. पुढची दहा वर्षं या भाजीवरून त्या घरात काय काय झालं ते विचारू नका. पोळीखाली लपवणं, पाण्याबरोबर गिळणं, वॉचमनच्या कुत्र्याला घालणं (तोही खात नसे), आणि एकदा तर चक्क उपोषण. त्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली होती. पडवळाचा तुकडा पोळीत घ्यायचा, तोंडात टाकायचा, चावायचा, पुन्हा पुढचा. कपाळावर आठी नाही, तोंड वाकडं नाही. बहिणीनं विचारलं, “कशी झालीय गं?” “छान.” “अजून वाढू?” “चालेल.” बहीण माझ्याकडे वळली, चेहरा अगदी फुललेला. “बघितलंस ताई? हल्ली इतकी शहाणी झालीय ना! कशालाच नाही म्हणत नाही.”

मला मात्र पुढचा घास गिळवेना.

भाचीचं नाव इथं लिहीत नाही. तिनंच बजावलंय, “लिही मावशी, पण नाव टाकलंस तर बघ.” घरी लहानपणी आम्ही तिला ठकू म्हणायचो, इथंही तेच. हा लेख तिनं आधी वाचलाय आणि दोन वाक्यं खोडायला लावली आहेत. कुठली, ते अर्थातच सांगणार नाही.

मला त्याच दिवशी सगळं कळलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नुसतं काहीतरी खुपलं. घरी येताना रिक्षात बसून आठवत राहिले. उन्हाळ्यात हीच पोरगी नुसती फणफणत होती. दार आपटणं, ताटावरून उठून जाणं, आईनं नुसतं “अभ्यास झाला का?” विचारलं तरी डोळ्यांत पाणी आणि तोंडात आग. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं होतं, वय आहे ते. तिच्या काकांनी त्यात मोबाइलची भर घातली. मग जूनमध्ये शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष लागलं आणि दार आपटणं थांबलं. घर शांत झालं. त्या शांततेनं सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की तिच्यापाठोपाठ बाकी काय काय थांबलं, ते कुणी मोजलंच नाही. चित्रांची वही थांबली. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीची हाक थांबली. केस विंचरणं थांबलं, त्यांची मागे एक जट झाली होती आणि ती रबरबँडखाली लपवलेली असायची. दर सोमवारी पोट दुखायचं. रविवारी दुपारी एकपर्यंत झोपायची आणि उठल्यावर दमलेली असायची. आणि जे विचाराल त्याला एकच उत्तर. चहा की दूध? काहीही चालेल. आजीकडे येतेस? चालेल. वाढदिवसाला काय हवं? काहीही चालेल गं, नसलं तरी चालेल.

भांडणारं मूल आपल्याला त्रास देतं, म्हणून ते आपल्याला दिसतं. ‘चालेल’ म्हणणारं मूल कुणाला त्रास देत नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी काहीही केलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा लेखांत लिहिणारी माणसं नेहमी वेळेवर जागी होतात. मी नाही झाले. बहिणीला फोन करायचा, मधेच विषय काढावासा वाटायचा आणि मग वाटायचं, ही काय म्हणेल, मूल माझं, ताईला कशाला चोंबडेपणा. मग एका रात्री वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग कोसळला. स्टीलची ताटं, वाट्या, झाकणं, आणि शेवटी एक झाकण गोल गोल फिरत फिरत थांबतं तो आवाज. मी अंधारात उठून बसले. पडवळ आणि तो आवाज यांचा काय संबंध, ते तेव्हा कळलं.

१९९३ साली मी अकरावीत होते, कराडला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, चांगले मार्क, पेढे, मग सगळे म्हणाले म्हणून सायन्स. वर्गात पहिल्या दिवशी सर ‘व्हेलॉसिटी’ म्हणाले आणि तो आपला वेगच आहे हे कळायला मला आठवडा लागला. पण त्यामुळंच सगळं झालं, असं नाही म्हणता येणार. वर्गातल्या निम्म्या मुलींचं तेच होतं, त्या रडल्या, शब्दकोश घेऊन बसल्या आणि पुढे गेल्या. माझं काहीतरी आतून सुटत गेलं. दिवाळीनंतर मी सकाळी उठायचीच थांबले. जाग यायची पहाटे चारला, दूधवाल्याच्याही आधी, आणि मग मी पडल्या पडल्या वरची मंगलोरी कौलं मोजायची. एका ओळीत बावीस. अंगावरच्या गोधडीला आजीच्या जुन्या लुगड्यांचा वास होता, एरवी तो मला फार आवडायचा. त्या दिवसांत तो वास यायचा, पण आवडायचा नाही. हे नीट सांगता येत नाही. वास होता तसाच होता, तो माझ्यापर्यंत येऊन थांबत होता.

त्या वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. कोयनेच्या आसपास राहणाऱ्या आम्हा लोकांना बारीकसारीक धक्क्यांची तशी सवय. मोठी माणसं १९६७ च्या डिसेंबरातल्या कोयनानगरच्या रात्रीची गोष्ट सांगायची आणि आम्ही मुलं ती भुताच्या गोष्टीसारखी ऐकायचो. पण किल्लारीनंतर ती मजा उरली नाही. जरा जमीन हलली की आख्खी आळी रस्त्यावर. त्या हिवाळ्यात एका रात्री असाच धक्का बसला. मांडणीवरची भांडी थडथडली, दोन पातेली खाली आली आणि एक झाकण फरशीवर गोल फिरत राहिलं. वडील ओरडले, “बाहेर या, बाहेर!” आई धाकटीला उचलून पळाली. आजीसुद्धा काठी टाकून अंगणात गेली. मी उठले नाही. जागी होते, सगळं कळत होतं, डोक्यावर कौलं आहेत हेही कळत होतं. पण उठायचं कशाला, हे काही केल्या सुचेना. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ते झाकण कधी थांबतंय, तेवढं ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी आई शेजारी कौतुकानं सांगत होती, “आमची थोरली मोठी धीराची हो. जागची हलली नाही.”

त्या काळात माझ्यावर झालेले उपाय सांगते. मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट लागलीच होती, असं ठरलं. गुरुवारी दत्ताला नारळ. फॅमिली डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं, ज्यानं दात काळे पडायचे. कुणी वाईट वागलं नाही. ‘वेड’ हा एकच शब्द सगळ्यांना ठाऊक होता आणि तो माझ्या अंगाला लागू नये म्हणून सगळे जपत होते. फक्त आजी एकदा आईला म्हणाली, “पोरीचा जीव रमंना झालाय.” मी पलीकडच्या खोलीत होते. पुढे कितीतरी वर्षांनी मी औदासीन्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, लक्षणांची यादी वाचली आणि त्यातलं एक मुख्य लक्षण, पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात तो न वाटणं, याला आजीनं दोन शब्दांत उरकलं होतं, हे लक्षात येऊन हसूच आलं. जीव रमत नाही. आपल्या भाषेत आजार कधीचा आहे. त्याला दवाखाना तेवढा नव्हता.

दुपारी आजी माझ्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवायची. काही विचारायची नाही, समजावायची नाही. ती फोडायची, मी फोडायची. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. सुरुवातीला दोघींत मिळून तिचेच दाणे जास्त असायचे. हे रोज, दोन-अडीच महिने. उन्हाळा लागता लागता मी जरा वर आले. हे वाचून कुणाला वाटेल की बघा, पूर्वीच्या बायकांना सगळं कळायचं, डॉक्टरबिक्टर काही लागायचे नाहीत. तर तसं नाही. माझं ते ओसरलं, ते कदाचित आपोआप ओसरलं. असे आजार काही महिन्यांत कधी कधी ओसरतातही, पण पुष्कळदा परत येतात. माझ्याकडे ते एकतिसाव्या वर्षी आले, बाळंतपणानंतर, आणि तेव्हा शेंगांनी काहीही झालं नाही. तेव्हा औषधानंच भागलं. सोळाव्या वर्षी कुणी ओळखलं असतं तर दुसऱ्या वेळी निदान पाहुण्याची ओळख तरी पटली असती.

भांडी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेले आणि तिला भूकंपाची गोष्ट सांगितली. ती त्या रात्री आईच्या कडेवर होती, पाच-सहा वर्षांची. तिला गोष्ट आईच्या तोंडून ठाऊक होती, म्हणजे धीराची. मी माझ्या बाजूनं सांगितली. ऐकताना ती ओट्यावरचा एकच डाग फडक्यानं पुसत राहिली. मग म्हणाली, “पण ती रडत नाही गं ताई.” मी म्हटलं, मी तरी कुठं रडत होते?

पुढं डॉक्टरांकडे जायला आणखी दहा दिवस लागले. दहावीचं वर्ष आहे, कुणाला कळलं तर, क्लास बुडेल, आधी आयुर्वेदिक बघू का, हे सगळं झालं. मी चिडले नाही असं नाही. एकदा तर फोनवर नको ते बोलले आणि मग रात्री माफीचा मेसेज टाकला. डॉक्टर म्हणजे साधारण पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, कारण त्यातल्या गडबडीनंही माणूस असाच मलूल होतो. (आमच्या कराडच्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात निम्मे मार्क दिले.) मग ठकूशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. ठकूनं नंतर मला सांगितलं त्यावरून, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गेल्या पंधरा दिवसांत मजा कधी आली? ठकूनं खूप आठवून बघितलं आणि आठवेना. मग त्यांनी विचारलं, आधी कशात यायची? तेव्हा तिला रडू फुटलं, कारण ते मात्र सगळं आठवत होतं.

आमच्याशी बोलताना त्यांनी उन्हाळ्यातल्या त्या चिडचिडीबद्दल सांगितलं. मोठ्या माणसांत औदासीन्य बहुधा उदास दिसतं, या वयात ते पुष्कळदा रागीट दिसतं. सलग दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज, आणि शाळा-झोप-भूक-मैत्री सगळ्यांतच फरक पडलेला, तर ते ‘वय’ नव्हे. बहीण म्हणाली, आमच्या घरात कधी कुणाला असलं काही नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं की देशभरात २०१५-१६ साली जी मानसिक आरोग्याची पाहणी झाली, तिच्यात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार असलेली ७.३ टक्के निघाली. मी आपला लगेच हिशोब केला, साठ मुलांच्या वर्गात चारेक. माझ्या अकरावीच्या तुकडीत तर शंभरावर पोरं होती. बाकीची सहा-सात कोण असतील? शेवटच्या बाकावरचा तो मुलगा, जो दिवाळीनंतर आलाच नाही आणि ज्याला सर ‘वाया गेलेला’ म्हणायचे?

आणि मग त्यांनी सांगितलं की त्यांनी ठकूला जगावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलंय. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्याला वाटतं, विचारलं की डोक्यात घालून दिल्यासारखं होईल. डॉक्टर म्हणाल्या, विचारल्यानं तो विचार येत नाही, आधीच आलेला असेल तर एकटीनं वागवावा लागत नाही. ठकूचं उत्तर तिच्या परवानगीनं लिहितेय. “मरायचं नाहीये. पण झोपल्यावर सकाळ झाली नाही तर बरं, असं वाटतं.” परत येताना तिघी रिक्षात बसलो होतो, ठकू मधे. बहिणीनं तिचा हात धरला होता आणि सबंध कर्वे रस्ता कुणी काही बोललं नाही. घरी गेल्यावर तिच्या नवऱ्यानं घरातली सगळी औषधं, आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांसकट, कपाटात घालून कुलूप लावलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर फ्रिजवर लिहिला. २०२२ पासून ती सोय आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून. मला वाटलं, नुसता लिहायचा म्हणून लिहिलाय. ऑक्टोबरात एका रात्री एक वाजता बहिणीनंच तो लावला, स्वतःसाठी. “माझं काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं,” म्हणाली.

बरं होणं ही फार कंटाळवाणी गोष्ट आहे. ते कुणी सांगत नाही. दर आठवड्याला समुपदेशन, त्यातून आणायचा गृहपाठ, तोही काय तर दहाच्या आत आंघोळ. एक दिवस आंघोळ, चार दिवस नाही. सहा-सात आठवड्यांनी डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील, सुरुवातीला अस्वस्थता वाढल्यासारखी वाटली तर लगेच कळवा, तिच्यावर लक्ष ठेवा, आपल्या मनानं बंद करू नका, हे तीनदा बजावलं. काकांनी ‘सवय लागेल’ म्हणून फोन केला. सवय लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं, जरा नको इतक्या चढ्या आवाजात. माझ्या वाट्याला संध्याकाळचं चालणं आलं. पहिला आठवडा नुसतं सोसायटीच्या गेटपर्यंत. मग इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत. मग डिसेंबरात एकदा एआरएआयच्या टेकडीवर. वर कुठंतरी मोर ओरडत होता, गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि ती धापा टाकत म्हणाली, “मावशी, तू फार हळू चालतेस.” मी तिच्या आईला हे वाक्य फोन करून सांगितलं. मग पुढचे चार दिवस ती खोलीबाहेर आली नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. मला तिचा हेवा वाटला. तिच्याजवळ बसून, तिच्या केसांची जट खोबरेल लावून बोटांनी सोडवताना, मधेच तो यायचा. हिच्या आजाराला नाव आहे. हिच्या बाबांनी कुलूप लावलं. हिच्या वर्गशिक्षिकेनं चाचणी न दिल्याबद्दल एक शब्द न विचारता कागद पुढे सरकवला. आणि मी बावीस कौलं मोजत होते. मग त्या हेव्याची लाज वाटायची, मग जट ओढली जायची आणि ती “आई गं” करायची. आई आता नाही. असती तर तिला विचारलं असतं, तुला खरंच धीर वाटला होता का तो? की तुलाही आत कुठंतरी ठाऊक होतं? कदाचित न विचारलेलंच बरं.

ठकूनं बोर्डाची परीक्षा दिली. मार्क सांगायचे नाहीत, असं ठरलंय. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर घाई करत नाहीत.

मधल्या काळात माझ्या बहिणीनं एक खोडी काढली. दर पंधरा दिवसांनी पडवळ करायची आणि पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची. तोंड वाकडं होतंय का, हे तिचं थर्मामीटर. मला ते आधी गोड वाटलं, मग जाच वाटायला लागला, पण मीही बघायचेच की. शेवटी या श्रावणात एका रविवारी, तेच टेबल, तीच भुरभुर, ठकूनं पोळी खाली ठेवली. “आई, मला भाजी वाढून तपासणं बंद कर. मी हो म्हटलं की तुम्ही घाबरता, नाही म्हटलं की खूश होता. मला कधीकधी खरंच चालतं. तेवढं तरी चालू द्या.” बहिणीचा हात डाव धरून ताटावर तसाच राहिला. माझा जीव घशात आला होता, पण मी ताक ढवळत राहिले.

“मग वाढू की नको?” बहिणीनं विचारलं.

“अर्धा डाव,” ठकू म्हणाली. “आणि डाळ जास्त घे, सापाचे तुकडे कमी.”